मशीन तयार होईपर्यंत

मागच्या खोलीतून घरघर सुरू झाली की शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, "काय चाललंय हो?" वहिनी सांगायच्या, "बाळंतपण. केव्हाचं अडलंय." शेजारीण हसायची. वहिनींना मात्र त्यात हसण्यासारखं काही उरलं नव्हतं.

गल्लीत सगळे त्यांना वहिनीच म्हणत आणि त्यांच्या नवऱ्याला फिटर. फिटरची सगळी नोकरी कारखान्यातली बिघडलेली यंत्रं ताळ्यावर आणण्यात गेली. निवृत्त झाल्यावर तरी हा माणूस जरा टेकेल, असं वहिनींना वाटलं होतं. कसलं काय! गडी मागच्या खोलीत सीएनसी राउटर बांधायला बसला. म्हणजे टेबलावर मावेल असं एक यंत्र, त्यात गरगर फिरणारं पातं, आणि कॉम्प्युटर सांगेल तसं ते पातं लाकडात अक्षरं कोरणार.

नुसती हौस असती तर वहिनींनी चार शब्द सुनावून नाद सोडला असता. पण हा खटाटोप ताईंसाठी होता. ताई म्हणजे फिटरची थोरली बहीण, गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटी राहणारी. ताईंची नजर चालली होती. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, आहे तीही हळूहळू जाणार, परत यायची नाही. थोडंफार दिसतंय तोवर घरातल्या वस्तू बोटांनी ओळखायला शिका. फिटर आणि वहिनी तेव्हा सोबत होते. दवाखान्याच्या पायऱ्यांवर तो बहिणीला म्हणाला, "ताई, मी तुला पाट्या करून देतो. डब्यांना, कपाटांना, औषधांच्या खणांना. अक्षरं वर उठलेली, बोट फिरवलं की कळतील अशी. त्या घेऊनच येतो बघ."

ते "घेऊनच येतो" वहिनींच्या चांगलंच लक्षात राहिलं.

आधी मशीन विकत घ्यायचं ठरलं. दोघं दुकानात गेली. दुकानदाराने एक छोटं मशीन चालू करून फळीवर फूल कोरून दाखवलं. वहिनींना फूल आवडलं, मशीनही आवडलं, त्या पिशवी सावरून निघायच्या तयारीतच होत्या. फिटरने मशीनचा आडवा दांडा दोन बोटांत धरून हलवला आणि नाक मुरडलं.

"डुगडुगतंय."

"मला तर काही दिसलं नाही," दुकानदार म्हणाला.

"दिसायचं नाही. हाताला कळतं."

"अहो, मिठाच्या डब्याची पाटी करायची आहे," वहिनी म्हणाल्या. "मनगटी घड्याळ नाही बनवायचं."

पण ऐकेल तो फिटर कसला. त्याने दुकानदाराचे आभार मानले आणि येताना वाटेत सांगून टाकलं, की यापेक्षा मी घरी बांधीन ते बरं असेल.

मग घरात खोकी यायला लागली. मोटारी आल्या, लोखंडी रूळ आले, वायरींची भेंडोळी आली. वहिनींच्या शिवणयंत्राचं टेबल "चार दिवसांसाठी" म्हणून गेलं ते गेलंच. शिवणयंत्र पलंगाखाली आणि वहिनींचं शिवण बासनात. मग लक्षात आलं की खोलीची फरशी एका कोपऱ्याकडे उतरती आहे. आता घर बांधलं तेव्हापासून ती उतरतीच होती, पाणी बाहेर जावं म्हणून मुद्दाम केलेली होती, आणि आजवर तिने कुणाचं काही बिघडवलं नव्हतं. फिटर पातळी बघायची पाणसळ घेऊन टेबलाखाली आडवा झाला. जेवायला हाक मारली की खालून फक्त "हं" यायचं. त्या "हं"ने वहिनींचं डोकं उठायचं.

शेवटी एकदाची पहिली पाटी कोरून झाली. "मीठ". अक्षरं छान वर उठली होती, फक्त ठ जरा उजवीकडे सरकला होता. वहिनींनी डोळे मिटून बोट फिरवलं.

"कळतंय की. द्या इकडे, उद्या घेऊन जाते."

"ठ सरकलाय. मोटर पावलापावलाने सरकते, मध्येच एखादं पाऊल चुकवतेय."

"चुकवू दे. ताईंना तुमच्या मोटारीच्या पावलांशी काय करायचंय?"

फिटरने पाटी कचऱ्यात टाकली. टाकली म्हणजे खरंच टाकली, वहिनींच्या डोळ्यांदेखत.

यानंतर जे सुरू झालं त्याला काय म्हणावं ते वहिनींना कळेना. मशीन आता स्वतःसाठीच कामाला लागलं. मोटर घट्ट बसावी म्हणून फिटरने मशीनवरच तिची बैठक कापली. भुसा उडतो म्हणून भुशासाठी झाकण कापलं. वायरी लोंबतात म्हणून त्यांना आकडे कापले. एकदा तर तो मोठ्या कौतुकाने नक्षीदार खाचांची पेटी घेऊन स्वयंपाकघरात आला. वहिनींना क्षणभर आशा वाटली.

"ताईंच्या औषधांसाठी?"

"नाही, मशीनच्या पात्यांसाठी."

वहिनींनी कपाळाला हात लावला. खाऊन-पिऊन लठ्ठ होणारा आणि घरात काडीचं काम न करणारा पाहुणा त्यांनी याआधी पाहिला होता, पण तो निदान कधीतरी आपल्या घरी परत जायचा.

इकडे वहिनी दर आठवड्याला बस बदलून ताईंकडे जात होत्या. हातावर हात धरून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मिठाच्या डब्याला त्यांनी रबरबँड घातलं, साखरेला नाही घातलं. सकाळच्या गोळ्यांच्या डबीवर कोटाचं जाडजूड बटण चिकटवलं. शेगडी बंद होते त्या खुणेवर नेलपॉलिशचा टपोरा थेंब दिला. ताई एक डोळा मिटून, मान वाकडी करून बघत आणि मग बोटांनी चाचपत. काम भागत होतं. निघताना ताई प्रत्येक वेळी धाकट्या भावाबद्दल एकच विचारत, "छोट्या कधी येतोय?"

"येतो म्हणालेत. मशीन तयार झालं की."

हे वाक्य आपल्याच तोंडून ऐकून वहिनींना आपलीच लाज वाटायची.

एका दुपारी ताईंकडून परतल्यावर वहिनी चपला न काढता तडक मागच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी मशीनचा प्लग उपटला.

"चला. आत्ताच्या आत्ता. आज ताईंना माझ्या साडीचा रंग ओळखता आला नाही."

"एवढी पाटी होऊ दे. रिकाम्या हाताने कसा जाऊ?"

"चुलीत गेल्या त्या पाट्या! तुम्ही चला म्हणतेय मी."

फिटर खाली बसला. भुशात बोटाने रेघा ओढायला लागला. मग म्हणाला, "ती मान वाकडी करून बघते ना माझ्याकडे, ते मला सोसत नाही. कुठलंही यंत्र असो, मी उघडून बघतो. इथे काय उघडू? हातात काही देण्यासारखं असलं तर तिच्यासमोर बसता येईल."

वहिनींचा राग अर्ध्यावर आला. तरीही त्या म्हणाल्या, "घाबरट आहात तुम्ही," आणि प्लग परत लावून दिला. तो लावायला नको होता, असं त्या पुढे कितीतरी वेळा म्हणाल्या.

पाट्या झाल्या. खोटं कशाला बोला, देखण्या झाल्या. कडा गुळगुळीत, अक्षरं एका उंचीची, ठ जागच्या जागी. फिटरने दाढी केली, इस्त्रीचा शर्ट घातला आणि पाट्यांची पिशवी बसमध्ये मांडीवर धरून बसला.

दार ताईंनीच उघडलं. "वहिनी?" त्यांनी विचारलं. वहिनी मागे होत्या. पुढे फिटर उभा होता.

"मी आहे, ताई."

"छोट्या! ये, ये."

ताईंनी पाट्या मांडीवर घेतल्या, एकेकीवर बोट फिरवलं. "मीठ. साखर. सकाळ. किती सुबक केल्यास रे." त्या मनापासून बोलत होत्या. फिटर लगेच स्क्रू-ड्रायव्हर काढून औषधांच्या खणापाशी गेला, पाटी लावायला. त्याला तेवढंच बरं वाटलं.

"आत्ताआत्तापर्यंत खिडकीशी उभं केलं तर माणसाचं तोंड दिसायचं," ताई त्याच्या आवाजाच्या दिशेने म्हणाल्या. "आता नुसता उजेड कळतो. वहिनी म्हणाली, मशीनच्या नादी लागल्यापासून तू कलप लावत नाहीस. खूप पिकलेत का रे?"

फिटरचं डोकं कापसासारखं पांढरं झालं होतं.

"नाही गं," तो पाठमोराच म्हणाला. "कानापाशी थोडेसे."

एरवी वहिनींनी त्याची थाप तिथल्या तिथे पकडली असती.

"बघायचे होते मला," ताई म्हणाल्या. "बाबांसारखा दिसतोस का, ते बघायचं होतं."

फिटरने पाटी खणावर धरली. स्क्रू भोकात बसेना. वहिनी उठल्या, त्यांनी त्याच्या हातातून स्क्रू-ड्रायव्हर काढून घेतला आणि त्याला खांद्याला धरून ताईंच्या शेजारी नेऊन बसवलं.

"बसा इथे," त्या म्हणाल्या. "पाट्या मी लावते."