दारावरची प्लेट

यादवरावांनी ज्याच्या नावाची प्लेट वॉर्डाच्या दारावर टांगली, तो माणूस त्या दिवशी कॅन्टीनमध्ये चहा प्यायला येत नसे. प्लेट म्हणजे जेवायची नव्हे. झाकण असलेली काचेची चपटी डबी, तिच्यात जंतूंना आवडेल असा खुराक ओतून थिजवलेला. यादवराव काडीला कापूस गुंडाळून ड्रेसिंगच्या टेबलावर, खाटांच्या गजांवर फिरवायचे, तोच कापूस प्लेटमध्ये फिरवायचे आणि प्लेट गरम पेटीत ठेवायचे. दुसऱ्या दिवशी तिच्यात पिवळे-पांढरे ठिपके उगवलेले असत. मग चिकटपट्टीनं झाकण पक्कं करून ती बँडेजच्या पट्टीनं दाराच्या खिळ्याला लटकवायची आणि खाली कागदावर, टेबल कुणी पुसलं त्याचं नाव लिहायचं. जाणारा-येणारा वाचायचा. रोग्यांचे नातेवाईकसुद्धा वाचायचे.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. त्यातल्याच एका गावी मी लॅब टेक्निशियन म्हणून रुजू झाले. गावाचं नाव सांगत नाही, तिथली माणसं अजून आहेत. आमच्या दवाखान्यावर नवी मोठी पाटी लागली होती, नवी पदं मंजूर झाली होती, फक्त नळाला पाणी नव्हतं. दुसऱ्या वर्षीही पाऊस गेला होता आणि आठवड्यातून एकदा, सोमवारी, टँकर यायचा.

यादवराव लॅबचे प्रमुख. मूळचे उदगीरचे, निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, ताठ मानेचे आणि तिखट जिभेचे. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ड्रेसिंगच्या खोलीत उभं केलं.

"नांदेडकर बाई, कशाचा वास येऊन राहिलाय?"

"फिनेलचा."

"मग खोली साफ हाय म्हणता?"

मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच टेबलाची प्लेट माझ्यापुढे आपटली. बोट ठेवायला जागा नव्हती. "घ्या, तुमच्या वासाचं पीक. नाकावर जाऊ नका. प्लेट खोटं बोलत न्हाई." मी नांदेडची म्हणून त्यांनी माझं आडनाव कधी विचारलंच नाही, शेवटपर्यंत नांदेडकर बाईच म्हणाले.

त्यांना काम येत नव्हतं असं म्हणायची माझी छाती नाही. गुत्तेदाराचं, म्हणजे ठेकेदाराचं, फिनेल पाण्यात पडलं की दुधासारखं पांढरं व्हायचं आणि त्या रंगावर सगळा दवाखाना खूष होता. यादवरावांनी फिनेल, डेटॉल, स्पिरिट, ब्लीचिंग पावडर अशी सगळी औषधं एकाच जातीच्या जंतूवर लावून बघितली. गुत्तेदाराच्या फिनेलमध्ये जंतू मजेत पोहत होते. "याच्यापरीस ताक शिंपडा, निदान माशा तरी दुवा देतील," असं त्यांनी दवाखान्याच्या मोठ्या साहेबांना तोंडावर सांगितलं. आधी साबणाच्या पाण्यानं मळ काढायचा, मग ब्लीचिंगचं पाणी, तेही पुसून लगेच कोरडं करायचं नाही, दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं, हे त्या दवाखान्याला त्यांनीच शिकवलं. मलाही.

पण शिकवायची त्यांची रीत कसायाची होती. एका सिस्टरच्या नावाची प्लेट तिच्या सासूनं वाचली, तर ती बिचारी चार दिवस कामावर आली नाही. यादवराव म्हणाले, "जंतूला सासू-सून कळत न्हाई." आणि डॉक्टरांच्या हातांची प्लेट उगवली की? ती दारावर जायची नाही. यादवराव ती रुमालाखाली झाकून मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये नेत, आत गेल्यावर दार लोटून घेत. हे मला पहिल्या महिन्यातच दिसलं होतं. मी काही बोलले नाही, नवी होते.

पुरुषांच्या सर्जिकल वॉर्डाची सफाई सुभद्राबाईकडे होती. जळकोटकडची, बौद्ध घरातली, नवरा वारलेला, दोन मुली शाळेत. आठ वर्षं ती हंगामी म्हणून राबत होती आणि जिल्हा झाल्यावर कायम करायच्या यादीत तिचं नाव आलं होतं. सकाळी लॅबच्या दारावरून जाताना "जयभीम सायेब" म्हणायची. यादवराव मान हलवायचे, तेवढंच. ब्लीचिंगनं तिच्या बोटांची साल निघाली होती, तरी टेबल पुसून दहा मिनिटं ती तिथंच उभी राहायची, कुणी त्यावर हात ठेवू नये म्हणून.

पाणी सोमवारी यायचं, म्हणून यादवरावांनी हुकूम काढला: ब्लीचिंगचं पाणी सोमवारी पिंपभर करावं आणि आठवडाभर वापरावं. पिंप मागच्या अंगणात, उन्हात. झाकण कुणीतरी पत्र्याच्या कामाला नेलेलं.

एका शुक्रवारी सुभद्राबाई लॅबमध्ये आली. "सायेब, पिंपातल्या पान्याला वासच राहात न्हाई बघा. सोमवारी डोळ्याला झोंबतंय, आज निस्तं पानी."

यादवराव सूक्ष्मदर्शकातून डोळा न काढता म्हणाले, "तुझं नाक म्हंजे लॅब हाय का? जा, कामाला लाग."

आम्ही सगळे हसलो. मीपण हसले, ते आजही विसरता येत नाही.

त्याच महिन्यात वॉर्डात जखमा चिघळायला लागल्या. कंधारकडचा एक तरणा गडी पाय मोडून आला होता. साधं ऑपरेशन, पण जखम सडत गेली आणि शेवटी गुडघ्यावरून पाय काढावा लागला. त्याच्या भावानं दवाखान्यात दंगा केला, चौकशी लागली. चौकशीला आलेल्या साहेबांनी वॉर्डाच्या दारावर प्लेट बघितली. ठिपक्यांनी गच्च भरलेली, खाली नाव: सुभद्राबाई. त्यांना आणखी काही शोधायची गरजच पडली नाही. यादवरावांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "प्लेट खोटं बोलत न्हाई." दोन दिवसांत तिला कामावरून बंद केलं आणि कायम करायच्या यादीतलं तिचं नाव गेलं. ती मोठ्या साहेबांच्या केबिनबाहेर दिवसभर बसून राहिली होती. आत कुणी घेतलं नाही.

तिच्या जागी दुसरी बाई आली. जखमा चिघळायच्या थांबल्या नाहीत.

वर्षाचा अहवाल करायचा म्हणून मी प्लेटांचं रजिस्टर उघडलं. आम्ही तारखेबरोबर वारही लिहीत असू. सोमवारच्या प्लेटा कोऱ्या, मंगळवारच्या बऱ्या, गुरुवारनंतर ठिपकेच ठिपके. बाई जुनी असो की नवी, वार तेच. मी रजिस्टर यादवरावांपुढे ठेवलं. त्यांनी दोनदा पानं उलटली. मग त्या आठवड्यात त्यांनी सोमवारचं, गुरुवारचं आणि शनिवारचं पाणी बाटल्यांत घेऊन, पूर्वीसारखंच, एकाच जंतूवर लावून बघितलं. शनिवारच्या पाण्यात जंतूंना काहीच झालेलं नव्हतं. उन्हात उघडं राहून औषध उडून जात होतं. सुभद्राबाई पुसत होती ते खरोखरच निस्तं पाणी होतं. फिनेलच्या वासानं माणसं फसतात हे यादवरावांना इतकं पक्कं ठाऊक होतं, की वास गेला म्हणजे औषध गेलं, हे बाईनं येऊन सांगितलं तरी त्यांच्या कानात शिरलं नाही.

त्यानंतर तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी यादवराव मला म्हणाले, "जळकोटला जायचंय. तुम्ही चला संगं, मला एकट्याला जमायचं न्हाई."

सुभद्राबाई गावाबाहेर पाझर तलावाच्या कामावर होती, रोजगार हमीच्या. उन्हात मातीच्या पाट्या वाहत होती. मोठी पोरगीही पाटी वाहत होती, शाळेच्याच फ्रॉकवर. आम्हाला बघून बाईनं पाटी उतरवली. त्या दिवशी तिनं जयभीम घातला नाही.

यादवराव चप्पल काढून उभे राहिले. माती तापलेली होती. म्हणाले, "बाई, चूक माझी हाय. पानी मेलेलं होतं. तुम्ही सांगितलं ते खरं होतं." तिला त्यांनी 'तुम्ही' म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

ती ओरडली नाही. पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "सायेब, माझं नाव तुमी दारावर लावलं. साऱ्या दवाखान्यानं वाचलं, आमच्या गावच्या मानसानं वाचलं. त्या कंधारच्या पोराचा पाय माज्यामुळं गेला म्हनून मला इथं कुनी पानी भरू देईनात. आन् हे तुमी मला माळावर येऊन सांगून राहिलात. मला तर पयल्यापासून ठावं हाय. ज्येंला ठावं न्हाई त्येंला सांगा की."

मुकादमानं हाक मारली तशी तिनं पाटी उचलली.

परतीच्या एसटीनं आम्ही उदगीरला आलो. स्टँडवर उतरल्यावर यादवराव म्हणाले, "बाईचं खरं हाय. चार लोकांत सांगायला पाहिजे." मग बराच वेळ धोतराच्या काठाला लागलेली माती झटकत राहिले. "पर नांदेडकर बाई, माझी तीन साल राहिली हायत नोकरीची. पेन्शन अडकवतील."

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी घागरभर ताजं पाणी करायचा नियम आला, झाकणासकट. महिन्याभरात वॉर्ड सुधारला. नियम का बदलला हे कुणी विचारलं नाही. यादवराव निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी त्यांच्या स्वच्छतेच्या ध्यासावर भाषण केलं, शाल घातली, आणि सगळ्यांबरोबर मीही टाळ्या वाजवल्या. पुढं चार-पाच वर्षांत ते वारले. जातानाही कुणाला काही सांगितल्याचं माझ्या कानावर नाही.

लोक त्यांच्याबद्दल विचारतात तेव्हा मी त्यांना भित्रा म्हणते, निर्दय म्हणते, आणि दोन्ही खरं आहे. पण रजिस्टर माझ्या कपाटात होतं, किल्ली माझ्याकडे होती आणि मोठ्या साहेबांची केबिन लॅबपासून वीस पावलांवर होती. यादवरावांच्या नोकरीची तीन वर्षं राहिली होती. माझी तीस राहिली होती, आणि ती मी सगळी पुरी केली.