राहिलेले अकरा नमस्कार

देव आणि अनसिंग गावच्या बायका यांच्यातली बोलचाल आजवर टिकली ती केवळ माझ्या मोठ्या नणंदेमुळे, असं माझं ठाम मत आहे. माझ्या नवऱ्याच्या या थोरल्या बहिणीला आम्ही सगळे आक्का म्हणतो. कुणी देवाला निघालं की आपण "माझाही नमस्कार सांगा" म्हणतो, जाणारा "हो हो" म्हणतो, आणि पुढे त्या नमस्काराचं काय होतं ते कुणी विचारत नाही. आक्का तो पोचवायच्या. म्हणजे खरोखर पोचवायच्या. महिन्यातून एकदा अनसिंगहून जीपमध्ये बसून वाशिमला आमच्या घरी उतरायच्या, तेव्हा त्यांच्या पदराला गाठीच गाठी असत, एकेका नमस्काराची एकेक. एकदा तर इतक्या गाठी झाल्या की पदर डोक्यावर घ्यायला पुरेना. तेव्हा देवळात बालाजीला म्हणाल्या, "आज उघड्या डोक्यानं आली, पण दोष माहा नाही, या बायांचा हाये."

कुणाचाही नमस्कार मात्र त्या उचलत नसत. गावातल्या एका श्रीमंत बाईने मोठ्या ऐटीत आपला नमस्कार पाठवायला सांगितला, तर आक्का म्हणाल्या, "तुह्या दारात गाडी उभी हाये. सोता जा. धडधाकट माणसाचा नमस्कार मी नेत नसतो." ती बाई वर्षभर बोलली नाही. मग पाय मोडला तिचा, आणि आक्का आपण होऊन तिच्या घरी गेल्या, "आता दे" म्हणाल्या.

बालाजीच्या गाभाऱ्यासमोर त्या उभ्या राहिल्या की रांग थांबायची. एक गाठ सोडायची, हात जोडायचे आणि चांगल्या मोठ्या आवाजात सांगायचं, "हा कासाराच्या काकूचा. तिचे गुडघे दुखून राह्यले. बहाणा नोहे, मी सोता तेल लावून देल्लं." मग दुसरी गाठ. एकदा पुजारी काकुळतीला येऊन म्हणाले, "आक्का, सगळ्यांचा मिळून एकच सांगून टाका ना. मागं रांग पाहा."

"काहून? दुखणं त्याईनं मिळून काढलं काय?"

पुजाऱ्यांनी पुढची गाठ सोडायला हातानेच खुणावलं. बालाजीला काय वाटलं ते मला माहीत नाही, पण मला त्याच्या ओठांवर हसू दिसलं होतं.

तिथून पद्मतीर्थ, मग मध्यमेश्वर, मग करुणेश्वर. ज्याचा नमस्कार त्याला. वाशिमात पूर्वी एकशे आठ तीर्थं होती म्हणतात. त्यातली बरीच आता सापडत नाहीत याबद्दल मी त्या काळी मनातल्या मनात देवाचे आभार मानत असे, कारण सापडली असती तर आक्कांनी मला तिथेही उन्हातान्हात नेलं असतं. मी तेव्हा नवी नवरी. अमरावतीची बी.ए. ही पदवी मी कुंकवाच्या खालोखाल मिरवायचे. डोळ्यांवर काळा चष्मा, खांद्याला पर्स, आणि आक्कांपासून चार हात लांब उभी, जणू ही गाठींची बाई कुठून आली ते मला ठाऊकच नाही. आज ती मुलगी भेटली तर पहिल्यांदा तिचा चष्मा काढून घेईन. त्यातून तिला काही दिसत नव्हतं.

एका महिन्यात आक्का आल्या त्या तापानेच फणफणत. अंथरुणावरूनच मला म्हणाल्या, "आज तू जा व माय. अकरा नमस्कार हायत." आणि एकेक सांगू लागल्या: कासाराची काकू, शिंपिणीची सून, आणि अनसिंगला त्यांच्या शेजारी राहणारी गोदामाय, जिचा मुलगा बापाशी भांडून घर सोडून गेला होता. मी म्हटलं, "गाठी कशाला आक्का, माझ्या लक्षात राहतं. मी बी.ए. आहे."

देवळाच्या वाटेवर मला कॉलेजची मैत्रीण भेटली. पुढचं काय सांगू? आम्ही हॉटेलात बसलो, आलूबोंडे खाल्ले, अमरावतीच्या गप्पा झाल्या, आणि देवळाकडे पाहण्याचंही मला भान राहिलं नाही. परतताना शेजारच्या अंगणातल्या तुळशीची अकरा पानं खुडली आणि प्रसाद म्हणून आक्कांच्या हातावर ठेवली. त्यांनी ती कपाळाला लावली. मला त्या वेळी लाज वाटली नाही, हे इथे लिहून ठेवते. हुशारी वाटली.

आणि पंधरा दिवसांत गोदामायचा मुलगा घरी आला! आक्कांनी अनसिंगभर सांगितलं, "माह्या भावजयीच्या तोंडाले यश हाये. बी.ए. शिकली, देवालेही तिचं बोलणं समजते." तेव्हापासून निम्मे नमस्कार माझ्या नावाने येऊ लागले. गोदामाय स्वतः येऊन माझ्या पाया पडायला वाकली. माझ्याहून तीस वर्षांनी मोठी बाई! मी पाय मागे घेतले, तर लोकांना तो माझा विनय वाटला. त्यानंतर मी एकही नमस्कार बुडवला नाही. पण खोटं कबूल करायचं धाडस होईना, आणि आक्का माझं कौतुक करीत राहिल्या.

यंदा आक्का न्हाणीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. आता खाटेवरच असतात. नातवाने मोबाइलवर बालाजीचं दर्शन घडवलं, तर म्हणाल्या, "देव मले दिसला रे, पण मी कुठी दिसली त्याले?" परवा मी भेटायला गेले, तेव्हा माझा हात धरून सुनांना सांगू लागल्या, "मी गेल्यावर नमस्कार हिच्यापाशी देत जा. हिचा एकही खाली पडला नाही." मला ते ऐकवेना. सुना बाहेर गेल्या तशी मी सगळं सांगून टाकलं. मैत्रीण, आलूबोंडे, तुळस, सगळं.

मला वाटलं, आक्का आता रडतील, नाहीतर मला घालवून देतील.

"म्हंजे ते अकरा अजून तुह्यापाशीच हायत?" त्यांनी विचारलं.

"आक्का, पंचेचाळीस वर्षं झाली. त्यातल्या बहुतेक बाया गेल्या."

"बाया गेल्या. नमस्कार कुठी गेले? बह्याड हायेस काय? उद्या जा न् देऊन ये. जसे देल्ले तसेच देजो, आपल्या पदरचं काही घालू नको."

माफ केलं असं त्या म्हणाल्या नाहीत, आणि मीही विचारलं नाही. मी कागद-पेन घेतलं, कारण बी.ए.च्या डोक्यातून निम्म्या बाया कधीच निघून गेल्या होत्या. आक्कांना मात्र एकेकीचं दुखणं आठवत होतं: कुणाची कंबर, कुणाची म्हैस, कुणाच्या लेकीचं सासर. दहा झाले आणि त्या अडल्या. "अकरावा कोणाचा होता व?" बोटं पुन्हापुन्हा मोजली. सापडेना.

मला तेवढा एकच पक्का आठवत होता. तो त्यांचा स्वतःचा होता. आयुष्यभर दुसऱ्यांचे नमस्कार वाहणाऱ्या या बाईने त्या दिवशी, तापात, माझं मनगट धरून आपला एक दिला होता. मी त्यांना तसं सांगितलं, तर म्हणाल्या, "माहा? माहा कायले देईन मी?" आणि तोंड भिंतीकडे वळवलं.

दुसऱ्या दिवशी मी बालाजीसमोर उभी राहिले. आता तिथे नवे पुजारी आहेत, त्यांना आक्का माहीत नाहीत. मी कागद काढून मोठ्याने वाचू लागले. कासाराच्या काकूचे गुडघे, म्हशीचं दूध, लेकीचं सासर. गोदामायचा नमस्कार वाचताना तिचा मुलगा आलाय, त्याला आता नातवंडं आहेत, हे सांगावंसं वाटलं, सांगितलं नाही. मागे एक मुलगी कानात कसलंसं यंत्र घालून उभी होती. "आजी, किती वेळ?" म्हणाली. मी म्हटलं, "पंचेचाळीस वर्षं थांबलाय तो, तू थोडं थांब."

शेवटचा नमस्कार कागदावर नव्हता. मी हात जोडले आणि आक्कांनी त्या दुपारी सांगितलं होतं ते जसंच्या तसं देवाला सांगितलं: "हा आक्कांचा. आज अंगात ताप आहे म्हणून त्या आल्या नाहीत. रागावू नको. पुढच्या महिन्यात त्या स्वतः चालत येतील."