बाइंडर चाचांचा भाऊबंद

बाइंडर चाचांकडे शिवायला आलेलं बायबल वाचल्याशिवाय परत जात नसे. शिवाजीनगरात, चर्चच्या मागल्या गल्लीत त्यांचं दुकान. सुटी पानं मांडीवर घेऊन ते ठरलेल्या पाच-सहा जागा शोधत आणि तिथं चिठ्ठी घालत. "हमारे नबी की खबर इधर पहलेच दिये सो है, राव साब," असं मोठ्यानं सांगत. मी जन्माचा भित्रा. असलं काही ऐकलं की आधी रस्त्याकडे बघायचो.

त्यांची लाडकी जागा मूसाच्या ग्रंथातली. देव मूसाला सांगतो, यांच्या भावांमधून तुझ्यासारखा एक संदेष्टा उभा करीन. चाचांचं म्हणणं, यहुदी हे इसहाकचे वंशज. त्यांचे भाऊ म्हणजे इस्माईलचे, अरब. तेव्हा ही खबर मुहंमद पैगंबरांचीच. मी आजोबांचा मराठी शब्दकोश शिवायला टाकला, तेव्हा त्यांनी विचारलं, "ये भाई लोगां को मराठी में क्या बोलते?"

"भाऊबंद."

"सगे भाई?"

"नहीं हो! एक कुळ के. जमीन के वास्ते कोर्ट में जाते ना, वो."

चाचांनी मांडीवर थाप मारली. "बस! येइच लफ्ज होना था!" तो शब्द त्यांनी माझ्याकडूनच चिठ्ठीवर लिहून घेतला.

मग ब्याण्णवचा डिसेंबर आला. दुकानं अर्धं शटर ओढून चालत. ऑफिसातून येताना मी डोकावलो, तर चाचांचा चेहरा पांढराफटक. चर्चचं मोठं बायबल सकाळीच पोचतं केलं होतं आणि चिठ्ठी त्यातच राहिली होती. दावा मुसलमानाचा, ग्रंथ ख्रिस्ती लोकांचा, अक्षर हिंदूचं. तिन्हीकडून मार खायची सोय! "जाने दो चाचा, बाहर नक्को," मी म्हटलं. खरी भीती ही की मलाच जायला सांगतील.

"अक्षर तुम्हारा है," ते म्हणाले. "तुमको तकलीफ नक्को." कुत्रं दिसलं तरी रस्ता बदलणारा हा माणूस टोपी सारखी करून निघाला. कोपऱ्यावर पोलिसांची गाडी होती. मी शटरआड बसून राहिलो. काम पाच मिनिटांचं, पण तास उलटला. कुठंतरी धाडकन आवाज झाला आणि चाचा संपले असंच मी धरून चाललो.

ते आले ते हसत. "फादर नहीं मानते. बोलते, वो ईसा की खबर है. खूब झगड़े."

"मारे तो नहीं?"

"चाय पिलाये. भाऊबंद हैं, झगड़ना तो पड़ताच!"

चिठ्ठी त्यांनी माझ्या हातात ठेवली. मी ती तिथल्या तिथं फाडून टाकली. चाचा वाकून तुकडे गोळा करत राहिले. पुढच्या आठवड्यात त्यांनी कोश शिवून दिला.

चार वर्षांनी चाचा गेले. फादर मातीला आले होते. गेल्या पावसाळ्यात ओल लागून कोशाच्या पुठ्ठ्याचा आतला कागद सुटला. खाली खळीनं चिकटवलेले चार तुकडे होते, कडेला कड जुळवून. शब्द सरळ वाचता येत होता. ते सोडवायचे तर पुठ्ठा फाडावा लागेल. एकदा फाडलं, तेवढं पुरे झालं.