भुतांत आता दम नाही

आमचे सासरे सोफे दुरुस्त करतात आणि सिनेमे नापास करतात. दोन्ही कामं एकाच स्टुलावर बसून चालतात. घराखालच्या त्यांच्या दुकानात भिंतीवर टीव्ही आहे. हातात हातोडी, ओठांत धरलेले बारीक खिळे आणि नजर वर. ओठांतून एकेक खिळा काढायचा आणि ठोकायचा. खिळे संपले की निकाल लागतो.

निकालही धंद्याच्याच भाषेत. प्रेमकथा पटली नाही तर "वरून मखमल, आत भुसा." मारामारीचा सिनेमा म्हणजे "नुसत्या स्प्रिंगा, बसायला जागाच नाही." खुनाचा तपास आणि कोर्टातली उलटतपासणी मात्र जीव की प्राण. वकिलाने साक्षीदाराला कोंडीत पकडलं की गिऱ्हाईक दारात ताटकळलंच म्हणून समजा. माहितीपटांचं तर नाव काढायची सोय नव्हती. "शाळा सुटली तरी मास्तर शिकवतोच आहे," म्हणायचे.

गेल्या वर्षभरात ही मतं फिरली. "हल्लीचे वकील तोंडातल्या तोंडात पुटपुटतात," म्हणत त्यांनी कोर्टाला रामराम ठोकला आणि समुद्रातले मासे, बर्फातली अस्वलं तासन् तास बघायला लागले. मी नवऱ्याला म्हटलं, "बाबा निवळले हं." तो म्हणाला, "वय झालं." आम्ही दोघंही मोठे शहाणे!

मग एका रविवारी दुपारी आम्ही सगळ्यांनी मिळून भुताचा सिनेमा लावला. एक बाई अंधाऱ्या जिन्यावरून उतरत असते, सगळीकडे चिडीचूप, आणि तिच्या मागे कुठेतरी कपाटाचं दार धाडकन आपटतं. मी किंचाळले. नवऱ्याच्या हातातला चहा सांडला. आमची सात वर्षांची मुलगी माझ्या मांडीवर चढून बसली. सासरे शेंगा सोलत होते, ते सोलतच राहिले.

"भुतांत आता दम नाही," ते म्हणाले.

मुलगी माझ्या कानाशी लागली. "आजोबा माझ्यावर रागावलेत."

"कशावरून?"

"मी दुकानात जाऊन त्यांना शाळेतलं सगळं सांगायचे. ते नुसती मान हलवतात. एकदा विचारलं, माझ्या मैत्रिणीचं नाव सांगा, तरी मानच हलवली. म्हणून मी आता जात नाही."

ओठांत खिळे असलेल्या माणसाकडून उत्तराची अपेक्षा कोण करतं? आमच्या घराला ती सवयच लागलेली. विचारायचं, मान हलली की हो समजायचं आणि कामाला लागायचं. पण आत्ता त्यांच्या तोंडात खिळे नव्हते, शेंगदाणे होते. मी मागून हाक मारली, "बाबा, चहा घेणार?" त्यांनी पुढची शेंग फोडली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानात गेले. त्यांची पाठ माझ्याकडे होती. टीव्हीवर देवमासा पोहत होता आणि कोणीतरी त्याची माहिती सांगत होतं. मी रिमोट उचलला आणि आवाज पार बंद केला. हातोडी चालूच राहिली. थोड्या वेळाने त्यांनी वळून मला पाहिलं आणि खिळे तळहातावर काढले.

"ये, ये. बघ, किती झकास समजावून सांगतोय."

मी समोर जाऊन मोठ्याने म्हटलं, "बाबा, तो केव्हाचा गप्प आहे. मीच आवाज बंद केलाय."

ते भडकले. "माझी परीक्षा घेतेस? मी काय बहिरा आहे?" त्या तिरमिरीत ठोकलेला खिळा वाकडा गेला.

माझाही पारा काही कमी नाही. "नसाल! मग नातीशी मुद्दाम का बोलत नाही? तिला वाटतं, तुम्ही रागावलात. ती दुकानात यायची बंद झाली, ते तरी दिसलं का?"

"दिसलं ना," ते म्हणाले. हातोडी खाली ठेवली. "मला वाटलं, मोठी झाली. म्हाताऱ्याचा कंटाळा आला असेल."

मला रडूच आलं. वाकडा खिळा त्यांनी उपसून काढला आणि म्हणाले, "डॉक्टरकडे कधी जायचं?"

सासरे कानाचं यंत्र लावून आले त्या संध्याकाळी आधी देवमासाच लावला. पाच मिनिटं ऐकलं. "किती बडबडतो हा माणूस! मासा दिसतोय की आम्हाला!" नापास. टीव्ही बंद. दाराशी मुलगी घुटमळत होती.

"इकडे ये. तो भुताचा सिनेमा मी बघितला, पण ऐकला नाही. सांग बरं."

ती आधी बिचकत, मग हातवारे करत सांगायला लागली. बाई जिना उतरली, सगळं शांत झालं, तिने आवाज अगदी खाली आणला, आणि कपाटाचं दार म्हणून सोफ्याच्या फळीवर दाणकन हात आपटला. सासरे स्टुलावरून ताडकन उठले. खिळ्यांचा डबा उलटला. मुलगी घाबरून माझ्याकडे बघायला लागली.

ते छातीवर हात ठेवून उभे होते.

"पुन्हा आपट," ते म्हणाले.