हळद शिजल्याचा वास

कुरुंद्याला आमच्या अंगणात हळद शिजायची, तेव्हा कढईपाशी आत्याचा शब्द चाले. लहान वयात विधवा होऊन ती माहेरी परतली होती. एरवी घरात तिला कोणी काही विचारत नसे. पण वाफेचा वास घेऊन ती "शिजली" म्हणाली, की मगच वडील जाळ बाहेर ओढत. पाण्यात शेण कालवायचं, तेही तिच्याच हातानं.

मी वसमतच्या शाळेतल्या मास्तरांकडून शेतीचं पुस्तक आणलं. शेण घालू नये, नुसतं पाणी पुरे, असं त्यात होतं. हट्टानं मी एक कढई तशी शिजवायला लावली. वाळल्यावर हळकुंडं मोडून पाहिली, तर माझीच जास्त पिवळीधमक. पुस्तक खरं निघालं, तिथंच सगळं बिघडलं.

पुढच्या वर्षी आत्याला कोणी हाक मारली नाही. ती ओसरीवर तूर निवडत बसली. मी पुस्तक उघडून कढईशी उभा. वास सुटेपर्यंत शिजवावी, असं त्यात होतं. कसला वास, हे लिहायला त्या शहाण्याला शाई पुरली नव्हती. मी तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचली. तेवढ्यात मागं आत्या सुपाकडं बघतच पुटपुटली, "शिजली."

मी लगेच ओरडलो, "शिजली!"

वडील जाळ ओढत म्हणाले, "पोरगं पुस्तकातून कसं बराबर सांगून राहिलं!"

आत्या सूप घेऊन आत गेली. मी मान वर केली नाही. पुस्तकातच बघत राहिलो, जणू तो शब्द तिथं छापलेला होता.