आंब्याखालचं गाऱ्हाणं

शेवंताकाकूंचं नाव आधी लिहितो, मग काय झालं ते. पावस गावाजवळच्या ज्या बागेत मी आंबे काढतो, तिच्या दगडी गडग्यापलीकडे त्या राहतात. गावदेवीचे गुरव असलेल्या नवऱ्याच्या मागं राहिलेल्या, सत्तरीच्या. मी हिंगोलीकडचा, आठवीत शाळा सोडलेला.

त्या दिवसांत माझं मन ठिकाणावर नव्हतं. काम झालं की खोलीत फोन बघत पडायचो. कुणाचं लग्न, कुणाची नवी गाडी, सगळे हसतायत. आपण दुसऱ्याच्या झाडाची फळं उतरवतोय, आपल्यावाचून कुणाचं काय अडलंय, असं वाटायचं. देवाला हात जोडणंही सुटलं होतं.

त्या सकाळी सोबतचे गडी क्रेट घेऊन रस्त्यावरच्या टेम्पोकडे गेले. शेंड्याला एक घोस राहिला होता, म्हणून मी आमच्याकडं चिंचेवर चढतात तसा बिनधास्त वर गेलो. चिंचेची फांदी वाकते, आंब्याची मोडते, हे ठाऊक नव्हतं. पायाखालची फांदी कडकन गेली. हातातली घळ, म्हणजे आंबे काढायची जाळीची काठी, खाली कातळावर आपटून दुभंगली. मी खोडाला मिठी मारून लटकलो. लाल मुंग्या मानेवर चढत होत्या, हात सोडून झटकायची सोय नव्हती.

“बाला, माकडाचा जल्म घेतलास काय?” खालून काकूंचा आवाज आला. फांदीचा आवाज ऐकून त्या गडगा ओलांडून आल्या होत्या.

“काकू, हात सुटायलेत माझे.”

“सुटतायत कसे! मी देवीला तुझ्यासाठी गाऱ्हाणं घालत्ये. तू दर वेळी व्हय म्हाराजा म्हणायचं नि एक पाय खाली घ्यायचा. मी सांगीन तिथंच. बायकांनी घालायचं नसतं म्हणतात. पण चाळीस वर्षं यांच्या मागं उभी राहून नुसतं व्हय म्हाराजा म्हटलंय. सगळं पाठ हाय.”

मग त्यांनी माझं नाव विचारलं, आईचं विचारलं, आणि ती नावं घेऊन, देवापुढं कुणासाठी मागणं घालताना देवळात लावतात तसा खडा आवाज लावला.

“बा देवी म्हाराजा, परमुलखातलं हे लेकरू तुझ्या शिवेत आलंय. डावा पाय, गाठीवर!”

“व्हय म्हाराजा.”

“याचं चुकलंमाकलं पोटात घे. उजवा, बेचक्यात!”

पाय चाचपडला. बेचकं सापडेना. सालीवरून बोटं घसरू लागली. “आणखी वीतभर,” त्या म्हणाल्या. टेकला.

“व्हय म्हाराजा.”

“याच्या हातचं फळ कुठल्या तरी पोराच्या तोंडात गोड लागू दे. डावा, खाली!”

माझ्या हातांसाठी देवाकडं असं कुणी कधी मागितलं नव्हतं. डोळे भरून आले, काही दिसेना, तरी पाय टाकला. तिथं फांदी होती.

जमिनीवर बसलो तेव्हा काकू पदरानं माझ्या मानेवरच्या मुंग्या झटकत होत्या. मी देवी पाहिली असं म्हणणार नाही. दिसत नव्हतं तिथं सांगणाऱ्यावर भार टाकला, एवढंच. आता झाडावर चढताना प्रत्येक फांदी आधी हातानं दाबून बघतो. प्रत्येक आंब्याला हात लावताना ते कुठलं तरी पोर आठवतं, आणि दिवस रिकामा जात नाही.

काकूंच्या नावाचं गाऱ्हाणं मात्र आजवर कुणी घातलेलं नाही. मी विचारलं तेव्हा त्यांनीच हसत सांगितलं. एक दिवस त्यांना आमच्या गावी नेईन. मारुतीच्या पारावर आईशेजारी बसवीन आणि त्यांचं नाव घेऊन खड्या आवाजात गाऱ्हाणं घालीन. व्हय म्हाराजा आमचं सगळं गाव म्हणेल.