सांगलीकराचा बाळंतपणाचा क्लास

‘ह्यात माझं काम काय, तेवढं सांगा.’

कुठेही पोचला की तो आधी हे विचारायचा. लग्नाचा मांडव असो, सत्यनारायण असो, नाहीतर शेजाऱ्यांचा सोफा जिन्यातून वर चढवायची भानगड असो, हा बाह्या सरसावून उभा. काम मिळालं नाही तर चेहरा पडायचा. एकदा आम्ही एका मयताला गेलो होतो. तिथेही त्याने दबक्या आवाजात हेच विचारलं आणि मग शेवटपर्यंत लोकांना पाणी देत फिरला. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. असला तर त्याला जपा, आणि सोफा घ्यायच्या आधी त्याला घरी जेवायला बोलवा.

तारापूरच्या एका केमिकल कारखान्यात आम्ही दोघे ऑपरेटर. तो मूळचा सांगलीकडचा, म्हणून सगळे त्याला सांगलीकरच म्हणत. बोईसरला आमच्या खोल्या समोरासमोर, आणि शिफ्टमध्ये बहुतेक वेळा त्याचा रिलीव्हर मी. आमच्याकडे नियम साधा आहे. पुढचा माणूस येऊन ताबा घेईपर्यंत आधीच्याने पॅनेल सोडायचं नाही. आत रिअ‍ॅक्टर चालू असतो, त्याला आपल्या घरचं काही कळत नाही.

ह्या नियमाचा त्याला एकदा चांगलाच चटका बसला होता. पहिलं बाळंतपण रीतीप्रमाणे बायकोच्या माहेरी होतं. कळा सुरू झाल्याचा फोन आला तेव्हा हा शिफ्टवर, आणि त्याचा तेव्हाचा रिलीव्हर तापाने आडवा. डबल शिफ्ट मारून, मिळेल त्या गाडीने गावी पोचला, तोवर मुलगी दुपट्यात गुंडाळून झोपलेली. कसं झालं, असं विचारल्यावर बायको म्हणाली, ‘झालं की आता.’ त्यानंतर त्या दिवसाबद्दल ती कधी बोललीच नाही. जिन्यात बायकांच्या तसल्या गप्पा निघाल्या की निवडायची भाजी उचलून आत निघून जायची.

तिला पुन्हा दिवस गेले आणि हे बाळंतपण इथेच बोईसरला करायचं ठरलं. तेव्हा एका दुपारी ती माझ्या बायकोजवळ रडली. माझी बायको इथल्याच केळवे गावची. तिच्याजवळ कुणीही रडतं, भाजीवालीसुद्धा रडून गेलेली आहे. मी घरी आल्यावर ती मला म्हणाली, ‘तिला कळांचं काय वाटत नाय. तवा ती खोलीत एकटी होती, आईलापण आत घेतली नाय. परत तसंच होईल म्हणून घाबरते. तुमी सांगा त्याला.’

मी सांगितलं. सांगलीकराने हातातला चहाचा कप न पिताच खाली ठेवला. मग त्याने नेहमीचा प्रश्न विचारला, आणि पहिल्यांदाच मला त्याला काही काम सांगता येईना.

कुणीतरी म्हणालं, हल्ली बाळंतपणाचे क्लास असतात, नवरा-बायको दोघांनी जायचं. झालं. त्या दिवसापासून साप्ताहिक सुट्टी आली की हा बायकोला घेऊन क्लास बघायला निघायचा. लोक स्थळं बघतात तशी त्याने क्लासची स्थळं बघितली.

पहिला क्लास पालघरला. तिथे उदबत्ती, बासरीची रेकॉर्ड आणि पोटातल्या बाळाला श्लोक ऐकवणं. ह्याने विचारलं, माझं काम काय? वडिलांनी घरात प्रसन्न राहावं, असं उत्तर मिळालं. ‘दादा, ते काय काम हाय व्हय?’ तो मला म्हणाला. दुसरा बोईसरला, एका शोरूमच्या वर. तिथे फुगे, केक, डायपरची फुकट पिशवी आणि फोटो. नवऱ्याचं काम फोटोत पोटावर हात ठेवून हसणं. ते त्याने केलं, पण फोटोत तो पासपोर्ट काढायला आल्यासारखा दिसतो. तिसरा मोबाईलवर. मॅडम मुंबईच्या, बोलणं निम्मं इंग्रजी, आणि आमच्या इमारतीचं नेटवर्क तुम्हाला माहीत नाही म्हणून बरं आहे. ह्याने प्रश्न विचारायला तोंड उघडलं आणि चित्र तिथेच थिजलं. तासभर बाकीच्या जोडप्यांनी त्याचं उघडं तोंड बघितलं असणार.

चौथा क्लास तारापूर रस्त्यावर एका शाळेच्या मागच्या खोलीत भरायचा. चालवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाई तोंडाने फटकळ. ह्याने आपला प्रश्न टाकला. बाई म्हणाल्या, ‘तुम्हाला काम भरपूर आहे. आधी गप्प बसायला शिका. मघापासून बायकोला विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तुम्हीच देताय.’

दुसरा कुणी असता तर रागाने उठून गेला असता. सांगलीकर घरी आला तो लॉटरी लागल्यासारखा. ‘दादा, मिळाला क्लास!’

तिथे बाई मुठीत बर्फ धरायला लावायच्या आणि तो झोंबत असताना सावकाश श्वास सोडायला शिकवायच्या. नवऱ्यांनी श्वासाबरोबर आकडे मोजायचे, कळ आली की कमरेवर तळहाताने दाब द्यायचा, मध्ये पाणी द्यायचं. ह्याने ते सगळं कारखान्यातल्या कामासारखं पाठ केलं. बायको मात्र क्लासला खाली मान घालून बसायची. विचारलं की म्हणायची, ‘ह्येंना येतंय की समदं.’

सराव करायला बायको दर वेळी मिळायची नाही, मग माणूस मी. कंट्रोल रूममध्ये शिफ्ट बदलताना मला खुर्चीवर उलटं बसवून हा माझी कंबर दाबायचा आणि आकडे मोजायचा. एकदा बिहारकडचा एक फिटर आत आला आणि दारातच थांबला.

‘साहब को क्या हुआ?’

‘आठवाँ महीना चल रहा है,’ सांगलीकर हात न थांबवता म्हणाला.

त्यानंतर कँटीनमध्ये मला महिनाभर दह्याची वाटी जादा मिळाली. मिशीवाल्या माणसाला ह्या वयात असं कौतुक सोसवत नाही, पण दही मी खाल्लं.

बाकी राहिलं ते हॉस्पिटल. नवरे आत येतात आणि चक्कर येऊन पडतात, म्हणून डॉक्टरबाई कुणालाच आत घेत नसत. सांगलीकराने त्यांच्याकडे इतके खेटे घातले की शेवटी त्या वैतागून म्हणाल्या, ‘या. पण पडलात तर कुणी उचलणार नाही.’

आता सगळं जमलं होतं. पण शिफ्टचं काय करणार? कळा आमचं वेळापत्रक बघून थोड्याच येतात. त्या आल्याच तेव्हा हा पहिल्या शिफ्टला पॅनेलवर होता, आणि मी घरी दुपारच्या शिफ्टची वाट बघत दाढी करत होतो. समोरच्या दारातून माझी बायको ओरडली, ‘अवो, निघा! मी हिला रिक्षात घालते, तुमी त्याला सोडवा!’ त्यांच्या मुलीला खालच्या मजल्यावर सोपवून दोघी रिक्षात बसल्या. मी अर्ध्या गालाला साबण तसाच ठेवून स्कूटर काढली.

कंट्रोल रूममध्ये मला बघूनच तो समजला. म्हटलं, ‘जा, मी बघतो.’ पण पठ्ठ्या गेला नाही. बॅच अर्ध्यावर होती. कुठला व्हॉल्व्ह उघडा, तापमान किती, पुढे काय घालायचं, सगळं त्याने मला नीट सांगितलं. बोट पॅनेलवरच्या एकेका आकड्यावर ठेवून सांगितलं. मला त्याचा राग आला आणि अभिमानही वाटला. ताबा दिला, आणि मग जो पळाला तो डोक्यावरचं पिवळं हेल्मेट काढायचंही विसरला.

पुढचं मला दुसऱ्या दिवशी कळलं. तो वेळेत पोचला. हेल्मेटसकट आत शिरला, नर्सने ते काढून खिडकीत ठेवलं. आणि बायकोला कळा देताना बघितल्याबरोबर त्याचं सगळं पाठांतर उडालं. श्वास नाही, आकडे नाहीत, नुसता पांढराफटक उभा. तेव्हा तिनेच त्याचा हात धरून कमरेवर ठेवला आणि दरडावलं, ‘हितं दाबा. आणि श्वास सोडा आदी तुमी!’ मग दर कळेला तीच मोजत होती आणि हा तिच्याबरोबर श्वास सोडत होता. क्लासमध्ये खाली मान घालून बसलेल्या त्या बाईने अक्षर न् अक्षर ऐकलेलं होतं. त्याला चक्कर आली नाही. शेवटपर्यंत तो तिच्या उशाशी होता, आणि दुसरी मुलगी त्याच्या डोळ्यांदेखत जगात आली.

सांगलीकर आता इथे नाही. गेल्या वर्षी दूर दहेज गावच्या एका कारखान्यात त्याला चांगली जागा मिळाली आणि समोरच्या खोलीत दुसरं बिऱ्हाड आलं. माणसं चांगली आहेत, पण कधीतरी मी त्या दाराकडे बघतो आणि मला चुकल्या-चुकल्यासारखं होतं. त्याचा फोन येतो. फोनवर तोच बोलतो, मी ऐकतो.

माझ्या मनात तो राहिला आहे तो बाळंतपणाच्या दुसऱ्या दिवशी सकाळचा. मी आणि माझी बायको डब्यात गरम पेज घेऊन हॉस्पिटलात गेलो. तो स्टुलावर बसून, पलंगाच्या कडेला डोकं टेकून गाढ झोपला होता. तोंड उघडं, पायात कारखान्याचे बूट. आणि ती उशाला टेकून, बाळ मांडीवर घेऊन, माझ्या बायकोला आदल्या दिवसाची गोष्ट सांगत होती. पहिली कळ कुठे आली, रिक्षावाला कसा घाबरला, नर्स काय म्हणाली, हे कसे उभे होते, सगळं. तिला इतकं बोलताना मी कधी पाहिलं नव्हतं. सांगता सांगता तिने मागच्या वेळचंही सांगून टाकलं, की तेव्हा खोलीतला दिवा गेला होता आणि ती अंधारात आईला हाका मारत होती. सांगून झाल्यावर तिने डोळे पुसले आणि ती पुन्हा रिक्षावाल्यावर आली.

रिक्षावाल्याची नक्कल बघून माझी बायको तिच्या केळव्याच्या आवाजात खदखदून हसली. तशी त्या ओल्या बाळंतिणीने लगेच ओठांवर बोट ठेवलं.

‘हळू हसा वहिनी,’ ती म्हणाली. ‘लई दमल्यात ते.’